बिब्ब्याच्या रेघा

परवा धाडच्या शाळेत माझा सत्कार झाला. नारळ, शेला, झेंडूचा हार, सगळं साग्रसंगीत. तालुक्याहून डॉक्टरांचं पथक आलं होतं कॅन्सरची माहिती द्यायला. सरपंचांनी माईकवर सांगितलं की बारा वर्षांपूर्वी, जेव्हा या भागात त्या रोगाचं नाव घ्यायलाही माणसं घाबरत होती, तेव्हा आपल्या नारायणरावांनी आपल्या वहिनीला मुंबईला नेलं आणि वाचवून आणलं. टाळ्या पडल्या. मी हार गळ्यात घालून उभा होतो. लाज वाटत होती, पण हार काही मी काढला नाही.

त्यानंतर दहा मिनिटांनी जे झालं ते सगळ्या गावानं पाहिलं. तेव्हापासून जो तो आपापल्या पद्धतीनं सांगत सुटलाय. पारावर एक, एसटी स्टँडवर दुसरंच. म्हटलं, बाबांनो, थांबा. ज्यानं केलं त्यालाच लिहू द्या. मला राग लवकर येतो हे गावाला माहीत आहे, पण या वेळी तो दुसऱ्या कोणावर नाही.

माझी वहिनी म्हणजे सत्यभामाबाई. आम्ही माळी. विहिरीखाली तीन एकर बागाईत: वांगी, मिरच्या, कांदा, कोथिंबीर. माझी माय मी पाच वर्षांचा असताना गेली. घरात भाकर टाकायला बाई पाहिजे म्हणून बापानं त्याच उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाचं, कडूबाभाऊचं लग्न उरकून घेतलं. वहिनी आली तेव्हा पंधरा वर्षांची पोर होती. लुगडं सावरता येत नव्हतं, आणि आल्या आल्या कडेवर मी. मला न्हाऊ घालणं, माझ्या उवा काढणं, मला शाळेत ओढत नेणं, सगळं तिनं केलं. मी शाळेतून पळून आलो की हातात येईल ते घेऊन मागे लागायची. एकदा झारा घेऊन पार वेशीपर्यंत आली होती. पुढे तिला दोन मुली झाल्या, त्या आता सासरी सुखात आहेत. पण पहिलं पोर मीच, हे ती सगळ्यांदेखत सांगायची.

आणि तिचा आवाज! धाडचा बाजार ज्यांनी तेव्हा पाहिलाय त्यांना विचारा. या टोकाला गुरांचा बाजार, त्या टोकाला भाजीवाले, आणि मध्ये एवढा गलका. तरी गुरांच्या बाजारात बैलाचे दात बघणाऱ्या माणसाला तिची हाक ऐकू जायची. "या वो माय, या! काटेरी वांगे हायेत, देठाले हात लावून पाह्य, टोचलं न्हाई तं फुकट ने!" एखादी बाई वांगी चिवडत बसली की म्हणायची, "अव बाई, वांगं घेऊन राह्यली का जावई पाहून राह्यली?" सगळा बाजार हसायचा, ती बाईसुद्धा हसायची, आणि शेर दोन शेर माल घेऊन जायची. आमची भाजी दुपारच्या आत संपायची ती मालामुळे नाही, त्या आवाजामुळे.

निंदणीला तिचा हात कोणी धरत नव्हतं. कांद्याचं रोप कोवळं असताना त्यात जे गवत उगवतं ते हुबेहूब कांद्यासारखं दिसतं. बोटानं चाचपल्याशिवाय कळत नाही. ती बघायचीसुद्धा नाही, बोटं आपोआप चालायची. मी दहा-अकरा वर्षांचा असताना बापानं मला एक वाफा निंदायला लावला. मी कसला निंदतो! मला पटकन सुटून खेळायला जायचं होतं. तासाभरात वाफा साफ केला, आणि केला तो असा की कांदा सगळा उपटला आणि गवत ठेवलं. बाप संध्याकाळी वाफ्यावर आला. माझा बाप पुंजाजी म्हणजे कासरा आधी आणि शब्द मागून. मी वहिनीच्या मागे लपलो. वहिनी पुढे झाली आणि म्हणाली, "माह्या हातानं झालं, मामंजी. उन्हानं डोळ्यापुढं अंधारी आली."

बाप सुनेवर हात उचलत नसे, पण तोंड सोडलं तर थांबत नसे. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला. ती मान खाली घालून ऐकत राहिली. नंतर मला कांदा आणि गवत दोन्ही हातात देऊन म्हणाली, "वास घे, लेका. डोळे फसते, नाक फसत न्हाई." तेवढंच. मी वाचलो याचाच मला आनंद. तिनं माझ्यासाठी काय ऐकून घेतलं याचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण मी पुढे जसा निघालो, तसा काही एका दिवसात झालो नाही.

महाराष्ट्र होऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी तेवीस वर्षांचा, सातवी पास. आमच्या घरात तेवढा शिकलेला मीच. कागद आला की नारायण, तलाठ्याकडे जायचं की नारायण. टोपी तिरपी घालायचो. वहिनीच्या उजव्या गालात आतून एक चट्टा पडला होता. मिसरी लावायची सवय होतीच. तिनं आधी तुरटी लावली, मग हळद, मग कोणी दिलेला पाला. सहा महिन्यांत कानाखाली गाठ आली, सुपारीएवढी. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी एका नजरेत सांगितलं, मुंबईला न्या, आठवडा घालवू नका.

कडूबाभाऊ हंबरडा फोडून रडला. मी मात्र टोपी सरळ केली आणि म्हणालो, मी नेतो. मलकापूरहून गाडी धरली. इथपर्यंतचं सरपंचांनी सांगितलं ते खरं आहे. नेलं मीच.

मुंबईच्या त्या मोठ्या दवाखान्यात एक मध्यमवयाचे डॉक्टर होते, बोलायला कडक पण समजावून सांगणारे. वहिनीच्या गालावर आणि मानेवर त्यांनी जांभळ्या शाईनं रेघा आखल्या. कानाच्या पाळीपासून गळ्याच्या हाडापर्यंत एक चौकोन आणि मधोमध फुली. रोज तिला यंत्राखाली निजवायचं, मान एका कुशीला वळवून, आणि यंत्राचा किरण बरोबर त्या चौकोनात सोडायचा. असं तीस वेळा.

वहिनीनं पदराआडून मला खुणावलं, विचार म्हणून. मी विचारलं, "साहेब, रोग जाळायचा तर एकदाच का नाही जाळत?"

डॉक्टर म्हणाले, "किरण आंधळा असतो. वाईट पेशीलाही लागतो आणि चांगल्या पेशीलाही. पण चांगली पेशी मार खाऊन दुसऱ्या दिवसापर्यंत सावरते, वाईट तितकी सावरत नाही. म्हणून रोज थोडा थोडा. आणि चांगल्याला कमीत कमी लागावा म्हणून या रेघा. रेघेच्या बाहेर आपल्याला एक बोटभरही जायचं नाही. या रेघा पुसू द्यायच्या नाहीत. पाणी नको, तेल नको, साबण नको. पुसल्या तर इथं येऊन सांगायचं, आम्ही पुन्हा मापं घेऊ."

वहिनी पहिल्यांदाच डॉक्टरांकडे बघून बोलली. "म्हंजे हे निंदनंच झालं जी. गवत काढाचं अन कांदा राखाचा."

डॉक्टर हसले. म्हणाले, "अगदी बरोबर बोललात, बाई."

पंधरा वेळा झालं. गाठ अर्ध्यानं उतरली. मी रोज बोटानं चाचपून बघायचो आणि मला रडू यायचं, खरं सांगतो. कातडी मात्र लाल झाली होती, तोंड आतून सोललं होतं. डॉक्टरांनी आठ दिवस विसावा दिला. म्हणाले, गावी जाऊन या, पण नवव्या दिवशी हजर पाहिजे, आणि रेघा सांभाळा. त्यांनी हे मला सांगितलं, कारण मी शिकलेला होतो.

घरी आलो तर उंद्रीहून निरोप येऊन पडलेला. माझं लग्न उंद्रीच्या हिंमतरावांच्या मुलीशी, रुख्मिणीशी ठरत होतं. चांगलं घर, चांगली मुलगी. मी तिला एकदाच पाहिली होती आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हिंमतरावांनी कळवलं होतं, साक्षगंध याच आठवड्यात उरकू, पुढे मुहूर्त नाही. साक्षगंध म्हणजे साखरपुडाच, मुलीच्या घरी होतं. मुलाकडच्या सवाष्णीनं जाऊन मुलीला कुंकू लावायचं, ओटी भरायची. आमच्या घरात सवाष्ण एकच.

आणि आम्ही उंद्रीला काय कळवलं होतं? वहिनी दात दाखवायला मुंबईला गेली आहे. हे मीच कळवलं होतं. त्या काळी लोकांना वाटायचं, हा रोग उष्ट्यानं पसरतो, रक्तात उतरतो. ज्या घरात हा रोग त्या घरात मुलगी कोण देणार? असं मी धरून चाललो होतो. हिंमतरावांना मी विचारलं नव्हतं. विचारायची माझी हिंमत नव्हती.

साक्षगंधाच्या सकाळी वहिनी नवं लुगडं नेसून ओसरीवर आली. हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि गालावर तो जांभळा चौकोन. पदर कितीही ओढला तरी अर्धा दिसतच होता. भाऊ बैलगाडी जुंपायला गेला होता. मी तिच्याकडे बघितलं. हे उंद्रीच्या बायका बघणार, कुजबुजणार, आणि संपलं.

मी म्हणालो, "वयनी, एका दिवसापुरतं..."

आणि मी बोटानं स्वतःच्या गालावर रेघ ओढून दाखवली.

ती माझ्याकडे बघत राहिली. "अन डाक्तर?"

"मी माप घेऊन ठेवतो. परत जशाच्या तशा काढून देतो. कोनाले कळत न्हाई."

"कळाचं सोड. चालंन का?"

"काऊन न चालंन? रेघाच तं हायेत."

मी असं म्हणालो. रेघाच तर आहेत. ज्या माणसानं डॉक्टरांचं सगळं कानानं ऐकलं होतं तो मी.

ती म्हणाली, "तू शिकला हायेस, नारायना. तुले समजते." आणि उजेडाकडे गाल करून उंबऱ्यावर बसली. मी सुताचा धागा घेतला. कानाच्या पाळीपासून वरच्या रेघेपर्यंत एक गाठ, हनुवटीपासून फुलीपर्यंत दुसरी, हाडापासून खालच्या रेघेपर्यंत तिसरी. मोठा इंजिनिअरच मी! मग खोबरेल तेलात फडकं बुडवून मी स्वतः त्या रेघा पुसल्या. सोललेली कातडी. ती डोळे मिटून बसली होती, उसासे टाकत होती, पण हूं की चूं केलं नाही. ते फडकं जांभळं झालं होतं. मी ते चुलीत घातलं.

साक्षगंध थाटात झालं. वहिनीनं रुख्मिणीला कुंकू लावलं, ओटी भरली. कोणी विचारलं की दाताचं कसं आहे, तर म्हणाली, "हाव बाई, बरं हाये आता." तोंड सोललेलं असताना तिनं पेढ्याचा तुकडा सगळ्यांदेखत गिळला. मी रुख्मिणीकडे बघत होतो. वहिनीकडे मी दिवसभरात एकदाही नीट बघितलं नाही.

मुंबईला निघायच्या सकाळी रेघा काढायला बसलो. आधी दौतीच्या शाईनं काढल्या, तर घामानं वाटेवर फिसकटणार हे दिसतच होतं. मग मला अक्कल सुचली. परीट कपड्यांवर बिब्ब्याची खूण करतो ना, कपडा फाटला तरी ती जात नाही. बिब्बा घरात होताच. वहिनी म्हणाली, "नारायना, बिब्बा उततो रे. मले लहानपनी उतला होता, फोड आले होते." मी म्हणालो, चुना मिसळला की उतत नाही, परीट मिसळतोच. कपडा आणि माणसाची कातडी यातला फरक मला शाळेत कोणी शिकवला नव्हता, आणि मला विचारायचा नव्हता. बिब्बा तापवला, दाभणाच्या टोकानं रस घेतला, चुन्यात कालवला, आणि धाग्याच्या गाठींवरून माझ्या मायसारख्या बाईच्या गालावर रेघा ओढल्या. गाडी चुकू नये म्हणून घाई होती; ती सरळ मान करून भिंतीला टेकून बसली होती. माप घेतलं तेव्हा मान वळलेली होती. मान वळली की कातडी सरकते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दवाखान्यात यंत्रावरच्या माणसानं रेघा बघितल्या, काळपट दिसल्या, त्याला वाटलं जुन्या झाल्या असतील. त्याच रेघांवर त्यानं यंत्र लावलं. तीन दिवस लावलं. तिसऱ्या दिवशी वहिनीला खाज सुटली. चौथ्या दिवशी सकाळी फोड आले होते, रेघेरेघेनं, आणि रेघेच्या बाहेरही, पार हनुवटीखालपर्यंत. गाल सुजून डोळा बंद झाला.

डॉक्टर आले. त्यांनी गाल बघितला, आपला पहिल्या दिवसाचा कागद काढला, त्यावरची मापं लावून बघितली. चौकोन दोन बोटं पुढे सरकला होता. गाठीची मागची कड किरणाच्या बाहेर राहिली होती आणि जबड्याचं चांगलं मांस आत आलं होतं. वर त्यावर बिब्बा. त्यांचा चेहरा असा झाला की मी मागे सरकलो.

"हे कोणी केलं?"

मी हातात फाईल धरून उभा होतो. तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात सुजलेल्या तोंडातून वहिनी बोलली.

"माह्या हातानं झालं जी. अंगावर पानी पडलं, रेघा पुसल्या. म्या भेऊन परत काढल्या."

डॉक्टर तिला जे बोलले ते रागानं बोलले, आणि त्यांचा राग खरा होता. म्हणाले, "बाई, आम्ही चांगलं मांस राखायला जिवाचा आटापिटा करतो आणि तुम्ही बिब्बा लावता? हा काय अडाणीपणा?" मग माझ्याकडे वळले. "तुम्ही तरी शिकलेले आहात ना? लक्ष ठेवायचं नाही?"

आणि मी म्हणालो, "हो साहेब. चुकलं तिचं."

लिहून झालं हे वाक्य. बारा वर्षांत पहिल्यांदा.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या एका उघड्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते सुजेमुळे होतं असं मी स्वतःला सांगितलं.

उपचार थांबवावे लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जखम भरेपर्यंत यंत्र लावता येत नाही, आणि हा खाडा वाईट. एवढ्या दिवसांत राहिलेल्या वाईट पेशी पुन्हा डोकं वर काढतात. काढलं तर मग त्यांच्याही हातात काही नाही. एक महिना गेला. मी रोज सकाळी तिच्या कानाखाली बोट लावून गाठ वाढली का बघायचो. एकदा बघून झालं की परत बघायचो. ती म्हणायची, "काऊन भेऊन राह्यला? मरन आलं तं माह्यं येईन." त्या महिन्यात मी देवाला म्हणालो, हिला वाचव, मी सगळं सांगतो. हिंमतराव उंद्रीहून तूप घेऊन मुंबईपर्यंत आले. कडूबाभाऊनं त्यांना खरं कळवलं होतं. ते खाटेशेजारी बसले आणि म्हणाले, "अहो, माझी सख्खी बहीण याच दुखण्यानं गेली. सांगितलं असतं तर मी स्वतः तुमच्यासोबत आलो असतो. दाताचं काय सांगत बसले?"

म्हणजे ते सगळं कशासाठी केलं होतं? मला तिथंच जमीन फाटून आत जावंसं वाटलं. पण जमीन फाटली नाही आणि मीही बोललो नाही.

वहिनी वाचली. राहिलेले दिवस पुन्हा मापं घेऊन पूर्ण झाले, गाठ गेली, परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब बलवत्तर. देवाला दिलेला शब्द मी दवाखान्याच्या पायरीवरच विसरलो. पण जबड्याच्या पुढच्या चांगल्या बाजूला, जिथे किरण जायलाच नको होता आणि जिथे बिब्बा उतला होता, तिथे जखम दीड वर्ष वाहिली. भरली तेव्हा कातडी काळी आणि दगडासारखी घट्ट झाली होती. तोंड एक बोटभर उघडतं. त्याहून जास्त नाही. भाकर चावता येत नाही. बारा वर्षं ती दुधात नाहीतर वरणात चुरलेली भाकर खाते आहे.

आणि आवाज गेला. बोलता येतं, जवळ बसलं तर ऐकू येतं. पण हाक मारायला तोंड उघडावं लागतं. पहिल्या बाजाराला ती वांगी मांडून बसली, सवयीनं मान वर केली, आणि तोंडातून काहीच निघालं नाही. शेजारी अंबूबाई मिरच्या घेऊन बसायची, तिनं तोंड फिरवून डोळे पुसले. दुपारपर्यंत आमची वांगी तशीच होती. पुढच्या बाजारापासून रुख्मिणी, माझी बायको, हाका मारायला बसू लागली. वहिनी शेजारी बसून वांगी निवडून देते. लोक म्हणतात, बिचारीला मशीननं जाळलं. रुख्मिणीही तेच म्हणायची. मीही मान हलवायचो.

आता परवाचं. सत्कार झाला आणि पथकातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ज्या ताई बऱ्या झाल्या त्यांना वर बोलवा, लोकांची भीती जाईल. वहिनी मंचावर आली. डॉक्टरीणबाईंनी तिचा पदर जरा सरकवला, गळा चाचपला, लोकांना सांगितलं, बघा, गाठ कुठेही नाही. मग त्यांचा हात पुढच्या काळ्या डागावर थांबला. त्यांनी निरखून पाहिलं. माईक हातातच होता.

"पण मावशी, हे इकडे चांगल्या बाजूला कशानं झालं? हे नुसतं किरणाचं वाटत नाही."

वहिनीनं हार घातलेल्या माझ्याकडे एक नजर टाकली आणि त्या बोटभर तोंडातून सुरुवात केली, "माह्या हातानं..."

"नाही," मी म्हणालो.

माझा आवाज माईकवर गेला तेव्हा मलाच दचकल्यासारखं झालं. मी हार काढला. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. साक्षगंध, तेलाचं फडकं, धागा, बिब्बा, सगळं सांगितलं. डॉक्टरांसमोर काय बोललो तेही सांगितलं. बायकांच्या रांगेत रुख्मिणी बसली होती. तिनं हळूच डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तोंड झाकून घेतलं. कोणी टाळी वाजवली नाही. सरपंच खुर्चीत चुळबुळत राहिले. शेला मी टेबलावर ठेवला आणि खाली उतरलो.

घरी वहिनी माझ्या आधी पोचली होती. ओसरीवर बसली होती. कडूबाभाऊ गोठ्यात होता, तो बाहेर आलाच नाही. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. मला वाटत होतं ती म्हणेल, जाऊ दे रे, झालं गेलं, मी कधीच विसरले. बारा वर्षं मी हेच धरून चाललो होतो की ती विसरली आहे. तिच्या मोठ्या मनाच्या जिवावर मी जेवत होतो, झोपत होतो, सत्कार घेत होतो.

ती म्हणाली, "बारा वर्सं लागले तुले."

मी डोक्यावरची टोपी काढली. ती पुढे बोलत राहिली.

"रोज वाट पाह्यली. मले वाटे, आज सांगंन. पोरगं झालं तवा वाटलं, आता सांगंन. मामंजी गेले तवा वाटलं. मंग वाटलं, मीच मरून जाईन अन तू तसाच राह्यशीन. डाक्तरापुढं म्या घेतलं अंगावर, ते तुले वाचवाव म्हून. तू 'चुकलं तिचं' म्हनला, ते काऊन म्हनला रे?"

मी खाली बसलो आणि रडलो. तिनं मला जवळ घेतलं नाही, डोक्यावर हात ठेवला नाही. दिवे लागायच्या वेळी रुख्मिणीनं आतून भाकरी आणि वरणाची वाटी ताटात घालून आणली, माझ्याकडे न बघता वहिनीपुढे ठेवली आणि रोजच्यासारखी भाकर चुरायला खाली बसू लागली. वहिनीनं तिचा हात धरला आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"तू व्हय बाजूले," ती रुख्मिणीला म्हणाली. मग मला म्हणाली, "चूर. बारीक चूर. मोठा तुकडा जात न्हाई मले."

मी भाकर चुरायला घेतली. तुकडा किती बारीक करायचा हे मला माहीत नव्हतं. बारा वर्षांत एकदाही मी ते बघितलं नव्हतं.